काच उतरवलेली गाडी

नॅशव्हिल
१४ जानेवारी

मावशी,

फोन करत जाऊ नकोस, लिहीत जा, असं तू बजावलंस, म्हणून लिहितेय. नाहीतर ही गोष्ट मी तुझ्याशी बोलूनच केली असती.

हिकरी फोर्कमध्ये बातमी माझ्याआधी पोचते, तेव्हा तुला कळलंच असेल. मी जुनी कंपनी सोडली. भांडण झालं नाही. ख्रिस्ती गाण्यांच्या धंद्यात कुणी भांडत नाही. सगळ्यांनी टेबलाभोवती हात धरून प्रार्थना केली आणि आमेन झाल्यावर वकिलानं कागद पुढे सरकवले. आता मला एका कंट्री गाण्यांच्या कंपनीनं घेतलंय. छोटी आहे, पण माणसं ऐकून घेतात.

सगळं एका गाण्यावरून झालं. जुन्या कंपनीला शेवटचं कडवं बदलून हवं होतं. 'लोक हे गाडी चालवताना ऐकतात, त्यांना शेवटी आशा दिसली पाहिजे,' असं त्यांचं म्हणणं. मी घरी येऊन बसले, लिहिलं, खोडलं. जमलं नाही. जे झालंच नाही ते गायचं कसं?

सोबत तबकडी पाठवतेय. पहिलं गाणं कुणाचं आहे ते तू पहिल्याच ओळीत ओळखशील. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही, आधी तू ऐक. कंपनी ते वसंतात रेडिओवर देणार आहे. तू नको म्हणालीस तर मी थांबवीन. खरंच थांबवीन. आईवडील गेल्यावर ज्या घरात वाढले त्या घरातलं गाणं आहे ते, तुला विचारल्याशिवाय माझं होत नाही.

तुझी,
ट्वायला


हिकरी फोर्क
२६ जानेवारी

ट्वायला,

तबकडी पोचली. वेष्टनावरच्या फोटोत केस तोंडावर का घेतलेस? इतकं चांगलं कपाळ तुझ्या आईनं दिलंय, ते दिसू दे की. आणि वाळलीस. कंट्री गाणाऱ्यांना कुणी जेवायला घालत नाही का?

कंपनी बदललीस ते कळलं. माझे वडील शनिवारी पोर्चवर नाचाची गाणी वाजवायचे आणि रविवारी देवळात देवाची. फिडल एकच होतं, घरात दुसरं घ्यायची ऐपत नव्हती. देवानं त्याबद्दल काही कळवल्याचं मला आठवत नाही.

इकडे थंडी फार आहे. अंगणातल्या पिकान झाडाची मोठी फांदी बर्फानं मोडली आणि मला सकाळी उठल्यावर दिसली. हॉलिसचे गुडघे धरलेत, तरी रविवारी देवळात हात हलवून गाणी सांगायला उभा राहतो. नवे पाळक फार पुटपुटतात. तरुण माणसाला तोंड उघडायला काय होतं कोण जाणे.

जेवत जा.

ऑर्लीनमावशी


नॅशव्हिल
१९ फेब्रुवारी

मावशी,

तू फोटोबद्दल लिहिलंस, पिकानच्या झाडाबद्दल लिहिलंस. गाण्याबद्दल एक ओळ नाही. मी तुझं पत्र उलटून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून.

इकडचं सांगते. ख्रिस्ती रेडिओनं माझी जुनी गाणीसुद्धा लावायची बंद केलीत. उन्हाळ्यातल्या चर्चच्या तरुणांच्या शिबिरांतले माझे कार्यक्रम रद्द झाले. एका बाईनं लिहिलं की तिच्या आजारपणात माझीच गाणी उशाशी असायची, आणि आता ती माझ्यासाठी रडते. मी तिला उत्तर लिहायला बसते आणि पुढे सरकत नाही. शिव्या देणाऱ्याला उत्तर देता येतं. रडणाऱ्याला काय द्यायचं?

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा एका बारमध्ये गायले. तोंड वाकडं करू नकोस. पहिली दोन गाणी कुणी ऐकली नाहीत, सगळे आपापल्या गप्पांत. मग ते गाणं घेतलं. पुढच्या टेबलावरचा एक धिप्पाड माणूस, ट्रक चालवणारा असावा, त्यानं ग्लास खाली ठेवला आणि टोपी काढली. देवळात काढतात तशी. गाणं संपल्यावर तो माझ्याकडे न बघताच निघून गेला. तेव्हा वाटलं, मी काही देवाला सोडून आलेले नाही.

पण तुझ्या एका शब्दापुढे तो माणूस आणि त्याची टोपी मला पुरत नाही. गाणं ऐकलंस ना? दुखावलं का तुला? हो किंवा नाही, एवढंच लिही.

ट्वायला


हिकरी फोर्क
२ मार्च

ट्वायला,

तुला योग्य वाटेल ते कर. तू आता मोठी आहेस. मी कोण तुला अडवणारी.

गेल्या रविवारी माझी फजिती झाली. हॉलिसनं नेहमीप्रमाणे 'पहिलं, दुसरं आणि शेवटचं' सांगितलं असणार. तिसरं कडवं बिचारं कुणी कधी गात नाही. मी मात्र पियानोवर चारही वाजवली. मंडळी पुस्तकं मिटून उभी आणि मी आपली वाजवतेय. कुणी हसलं नाही. उलट जेनेलनं, आपल्या पाळकांच्या बायकोनं, नंतर मला अशी काही मिठी मारली की जणू घरात कुणी गेलंय. म्हातारपण, दुसरं काय.

मे महिन्यातल्या सजावटीच्या रविवारी, कबरींवर फुलं घालायला, येशील ना? कबरीवरचं गवत काढायला माझी कंबर आता वाकत नाही. तुझ्या काकाच्या, व्हेस्टरच्या, दगडावर शेवाळ चढलंय.

ऑर्लीनमावशी


नॅशव्हिल
२१ मार्च

मावशी,

जेनेलचा फोन आला होता. मला सगळं कळलं.

दर बुधवारी प्रार्थनेच्या वेळी कुणाला काय हवं ते पाळक विचारतात, तेव्हा तू हात वर करतेस आणि 'न बोललेली' एवढंच म्हणतेस. हिवाळाभर. मी त्याच बाकांवर वाढलेय, मावशी. न बोललेली विनंती म्हणजे काय ते मला माहीत आहे. कुणी विचारत नाही आणि सगळे प्रार्थना करतात. आणि घरी जाताना गाडीत सगळे ओळखतात. जेनेल म्हणाली, 'तुझ्या मावशीचं दुःख आम्हाला बघवत नाही. त्या रविवारी तिसऱ्या कडव्यात पवित्र आत्म्यानं तिला थांबवून धरलं होतं, तुझ्यासाठी.' फार मायेनं म्हणाली.

तू मला तोंडावर का नाही सांगितलंस? लहानपणी मी खोटं बोलले तर तू हनुवटी धरून विचारायचीस. आता माझी लाज वाटते आणि ती तू अख्ख्या मंडळीच्या हातात देतेस, मला सोडून?

मी व्हेस्टरकाकावर गाणं करायला नको होतं, हेच ना? तू चर्चमध्ये पियानोवर, मी पहिल्या बाकावर, आणि काका बाहेर आवारात पिकअपमध्ये, काच उतरवून. दर रविवारी. तो कधी आत आला नाही आणि बाप्तिस्मा न घेताच गेला, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण तू कधी उच्चारलं नाहीस. आणि मी ते गात सुटले. जुन्या कंपनीला शेवटच्या कडव्यात तो दार उघडून आत यायला हवा होता. मी म्हटलं, तो आला नाही. एवढ्यासाठी मी सगळं सोडलं. माझ्या मते ते प्रेम होतं. तुझं काय होईल याचा विचार मी केलाच नाही.

मी ठरवलंय. नव्या कंपनीशी बोलले, स्टुडिओ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मिळतोय. शेवटचं कडवं बदलून गाते. काकाला आत आणते, तुझ्या शेजारी बसवते. तुला तेवढं तरी मिळू दे.

सजावटीच्या रविवारी मी येत नाही. मला बघून सगळे मान वाकडी करून गोड हसतील, ते सहन होणार नाही.

ट्वायला


हिकरी फोर्क
२५ मार्च

पोरी,

स्टुडिओत जाऊ नकोस. आधी हे वाच.

ती विनंती तुझ्यासाठी नव्हती. माझ्या कानांसाठी होती.

डावा कान व्हेस्टर गेला त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात गेला. उजव्यात थोडं उरलं होतं, तेही आता सरत आलंय. डॉक्टरनं यंत्र दिलं. ते घातलं की माणसांचं बोलणं पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं येतं आणि पियानो पियानो राहत नाही. ते मोज्यांच्या खणात ठेवलंय. फोन बंद केला तो यासाठी. पाळक पुटपुटत नाहीत, बिचारे चांगले ओरडत असतील. पिकानची फांदी माझ्या खिडकीबाहेर मोडली आणि मी झोपून राहिले.

न बोललेली विनंती म्हणजे देवाकडे मागायचं आणि शेजाऱ्यांना कळू द्यायचं नाही, एवढाच माझा हिशेब होता. लोक ती तुझ्या नावावर लावतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं. कुणाचं पोर दूर शहरात असलं आणि त्यानं हात वर केला, तर मीही मनात तेच म्हणत आलेय. सांगितलं असतं, तर त्यांनी मला पियानोवरून इतक्या प्रेमानं उठवलं असतं की वर केक दिला असता. मला केक नको होता.

तिसऱ्या कडव्यात आत्मा वगैरे काही नव्हता. मी हॉलिसच्या हाताकडे बघून वाजवते. त्या दिवशी त्यानं रुमालासाठी हात खिशात घातला.

तुझी तबकडी मी आली त्याच दिवशी लावली. टेबलावर तळवा ठेवला की ठोका लागतो. तुझा आवाज दाराबाहेर कुणी उभं राहून बोलतंय असा येतो. शब्द एकही नाही. वेष्टनावर शब्द छापले असतील म्हणून भिंग घेऊन बसले, तर तिथे नुसते तुझे केस. तू ऐकलंस का म्हणून विचारत राहिलीस आणि मी झाडांबद्दल लिहीत राहिले. ते व्हेस्टरचं गाणं आहे, हे मला या तुझ्या पत्रातून कळलं.

आवडलं की नाही, ते मी अजून सांगू शकत नाही, कारण मला ते माहीत नाही. म्हणून एक कर. ते गाणं आकारांत लिहून पाठव. माझ्या वडिलांनी मला शिकवलं आणि मी तुला, तसं. प्रत्येक सुराला एक आकार, त्रिकोण, गोल, चौकोन, आणि खाली शब्द. विसरली असशील तर आठव, स्वयंपाकघरात तू मक्याच्या ब्रेडचे तुकडे त्याच आकारांत कापून मांडायचीस आणि मी गाऊन दाखवल्याशिवाय खाऊ द्यायची नाहीस. कागदावरचं मला अजून सगळं ऐकू येतं.

आणि व्हेस्टरला आत आणू नकोस. त्यानं आत यावं म्हणून मी त्याच्याशी किती भांडले ते तुला माहीत नाही. मला जमलं नाही, आणि तू त्याला चार ओळींत ओढत आणणार?

मावशी


नॅशव्हिल
२९ मार्च

मावशी,

स्टुडिओ नको म्हणून कळवलं.

तुझं पत्र वाचल्यावर मी काय केलं ते सांगत नाही. जेनेलनं सांगितलं आणि मी लगेच विश्वास ठेवला, तुला न विचारता. ते मला लागून राहिलंय.

सोबत कागद आहेत. आकार वाकडे आलेत, सवय गेली. जिथे श्वास आहे तिथे वर छोटी रेघ मारलीय. शेवटचं कडवं मूळचं आहे तसंच आहे:

इंजिन बंद, काच उतरलेली,
माझी माणसं भिंतीपल्याड,
प्रभू, तुझा आवाज लहान कर,
तिचा पियानो येऊ दे इकडे.

दुसऱ्या ओळीनंतर श्वास आहे, लांब.

ट्वायला


हिकरी फोर्क
७ एप्रिल

ट्वायला,

कागद स्वयंपाकघरात टेबलावर पसरले. आधी बोटांनी वाजवलं, लाकडावर. मग ओठांनी. दोन्ही वेळा पूर्ण ऐकू आलं.

तुझ्या दोन चुका झाल्यात. गाडी हिरवी होती. राहू दे, गाण्यात निळी चांगली लागते. दुसरी चूक मात्र राहू देऊ नकोस. तू लिहिलंयस की तो टोपी डोळ्यांवर ओढून झोपायचा. टोपी ओढलेली असायची, पण तो झोपत नव्हता. घरी जाताना नदीच्या वळणावर आलो की दर रविवारी म्हणायचा, 'शेवटच्या कडव्यात घाई केलीस, ऑर्लीन.' आणि केलेली असायची. शेवट आला की मला नेहमी आवरायची घाई होते. मंडळीत कुणाच्या ध्यानात आलं नाही ते. तो मात्र आवारातून ऐकायचा. तू आमच्या दोघांच्या मधे झोपलेली असायचीस, म्हणून तुला माहीत नाही.

तो आत का आला नाही तेही तुला सांगते, गाण्यात घालण्यासाठी नाही. त्याचा धाकटा भाऊ प्यायचा. प्यायलेलाच पुलावरून खाली गेला. तेव्हाच्या पाळकांनी शवपेटीसमोर उभं राहून सांगितलं की हा पोरगा आज कुठे जळतोय हे आपण सगळे जाणतो. त्यांची आई पहिल्या बाकावर बसलेली. व्हेस्टर उठला, बाहेर गेला आणि त्या दारातून परत कधी आत आला नाही. पण मला पोचवायला यायचा. उपासना संपेपर्यंत थांबायचा, थंडीतसुद्धा काच खाली करून. मी त्याला हट्टी म्हणायचे. देवबापाच्या घराकडे पाठ फिरवून बसलाय म्हणायचे. पाठ नव्हती फिरवली, गाडीचं तोंड देवळाकडेच असायचं. हे मला तुझ्या गाण्यातल्या पहिल्या कडव्यात वाचून कळलं. इतकी वर्षं मी ती गाडी बघत आले.

तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, आता तरी आत आणू. मी आणू दिलं नाही. तुला आठवत असेल, गवतावर खुर्च्या मांडल्या होत्या. लोकांना वाटलं गर्दीमुळे. देवानं त्याला तारलं की नाही हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. रोज एकटीच विचारते. तुझ्या गाण्यात त्याचं उत्तर नाही. म्हणून ते मला खरं वाटलं. लाव ते रेडिओवर.

काल बुधवार होता. पाळकांनी विचारलं, मी हात वर केला आणि उभी राहिले. म्हटलं, आज बोलते. 'मला ऐकू येत नाही. मी माझ्या कानांसाठी मागत होते. ट्वायलाची मला लाज नाही. कुणाला तिच्याबद्दल काही म्हणायचं असेल तर माझ्यासमोर येऊन म्हणा, म्हणजे मला ओठ वाचता येतील.' मग काय झालं ते मला ऐकू आलं नाही, पण जेनेलची मान लाल झालेली दिसली. वाईट बाई नाही ती. नंतर येऊन माझा हात धरून बसली. हॉलिसनं गाण्याच्या पुस्तकातल्या चिठ्ठीवर लिहून दिलं की तो यापुढे खिशात हात घालणार नाही.

सजावटीच्या रविवारपर्यंत मी वाजवणार आहे. पुढचं पुढे. त्या दिवशी ते गाणं तू व्हेस्टरच्या दगडापाशी म्हणावंस अशी माझी इच्छा आहे. पाळकांना विचारलंय. ते म्हणाले, स्मशानात कुणी काय गावं हे कबरीच्या घरच्यांनी ठरवायचं. म्हणजे मी.

मावशी


नॅशव्हिल
११ एप्रिल

येते. शेवाळ काढायला ताठ ब्रश आणते. दगडावर कोंबड्यांच्या खुराड्याची घासणी चालवू नकोस.

ट्वा.


हिकरी फोर्क
१५ मे

माझ्या पोरी,

सजावटीच्या रविवारी स्मशानातून परत येताना गाडी तू चालवत होतीस. नदीच्या वळणावर मी तुला म्हटलं, 'शेवटच्या कडव्यात घाई केलीस.' तू काहीतरी बोललीस, मग गाडी कडेला घेतलीस आणि रडलीस. मग पुन्हा काही विचारलंस. तुझं तोंड हातात होतं, मला ओठ दिसले नाहीत. घरी आल्यावर माणसं होती, केळ्याचं पुडिंग वाटायचं होतं, राहून गेलं. तू विचारलं असशील की मला कसं कळलं. म्हणून लिहितेय.

मी जाऊन गाडीत बसले तेव्हा तुला वाटलं असेल माझे पाय दुखतायत. तसं नव्हतं. हॉलिसनं व्हेस्टरची जुनी पिकअप कुंपणाला लावली होती, मी त्याला सांगून तिचं तोंड कबरीकडे करून घेतलं. मला व्हेस्टरच्या जागी बसून बघायचं होतं. तिथून काय दिसतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. माणसांच्या पाठी दिसतात. मधल्या फटीतून तू दिसत होतीस आणि तुझा गिटारवरचा हात.

मी ऐकलं नाही. काही चमत्कार झाला नाही, जेनेलला तसं सांगू नकोस, ती देवळात साक्ष द्यायला उभी राहील. तुझे कागद माझ्या मांडीवर होते आणि मी बोट ठेवून चालले होते. सगळं जुळत होतं. शेवटच्या कडव्यात दुसऱ्या ओळीनंतर तू रेघ मारलीयस. तिथे मी थांबले. तुझे खांदे वर गेले नाहीत. श्वास न घेताच तू पुढे गेलीस, कारण तेवढ्यात तू माझ्याकडे बघितलंस. माझं बोट एकटंच त्या रेघेवर राहिलं.

तेव्हा मला समजलं, तो आवारात बसून काय करत होता. मी घाईनं पुढे जायचे, तो त्या जागी थांबायचा.

रेडिओवर लोक ते ऐकतील तेव्हा तिथे श्वास असू दे. तबकडीत आहे ना तो? मला तपासता येत नाही, तू बघ. पुढे जिथे जिथे गाशील, बारमध्ये की देवळात, तिथेही. घाई करू नकोस. त्याला मुळीच घाई नव्हती.

पियानोवर पुढच्या रविवारपासून हॉलिसची नात बसेल. हात चांगला आहे. केक आला. नारळाचा होता, चांगला होता.

हॉलिस काल गाडी बघून गेला. चालवणाऱ्याच्या बाजूची काच वर येत नाही, इतकी वर्षं खाली राहून हँडल गंजलंय. पावसाच्या आत दुरुस्त करून देतो म्हणाला. मी नको म्हटलं.

तुझी मावशी